बाजारात आलेली सहा जुनी नाणी: खरी कोणती, बनावट कोणती?

पैनगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. उमरखेड-महागाव पट्ट्यातल्या एका आठवडी बाजारात सध्या एक माणूस जुनी नाणी घेऊन बसतो. वाड्याचा पाया खणताना हंडा लागला, त्यातलाच हा माल, असं तो सांगतो. गावातली चार माणसं मिळून सगळा माल उचलायच्या विचारात आहेत. कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेत, त्यामुळे घाई चालली आहे. पुढच्या बाजारापर्यंत पारखायला म्हणून त्याच्याकडून सहा नाणी आणून ठेवली आहेत.

जवळ साधनं अशी: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, व्हर्नियर, दहा पटीचं भिंग आणि जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक. मापं घेतली ती खाली देतो.

१) राणीछाप रुपया. 'व्हिक्टोरिया क्वीन', साल १८७०. वजन ९.८२ ग्रॅम, रुंदी ३०.९ मिमी. चांदीसारखा पांढरा, चुंबकाला चिकटत नाही.

२) पंचम जॉर्जचा रुपया, १९११. ११.५८ ग्रॅम, ३०.५ मिमी. विकणारा याला 'डुकराचा रुपया' म्हणतो आणि सगळ्यात जास्त पैसे याचेच मागतो.

३) तांब्याचं मोठं नाणं. 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८'. दुसऱ्या बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. २०.४ ग्रॅम.

४) शिवराई. ११.२४ ग्रॅम. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं दोन्ही बाजूंना पूर्ण, हिरवा थर भरपूर.

५) १९४७ चा रुपया, मागे वाघ. ११.६ ग्रॅम, २८ मिमी. हा चुंबकाला टपकन चिकटला, म्हणून बनावट समजून बाजूला ठेवला आहे.

६) चारमिनारचं चित्र असलेला रुपया, उर्दू अक्षरं. वरच्या बाजूला कडी झाळलेली आहे. कडीसकट ११.४२ ग्रॅम.

यातलं काय ठेवावं, काय परत करावं? आणि आम्हाला खेड्यात बसून, सोनाराकडे न जाता, खात्री करता येईल अशी पद्धत कोणती?

---

तोळामासा:

दादा, मापं घेऊन विचारलंत हे फार चांगलं केलं. निम्मा निकाल तर इथेच लागतो.

आधी क्रमांक ५ चा अन्याय दूर करा. १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतंच. तो चिकटला नसता तर शंका घ्यायची होती. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ च्या रुपयात चांदी राहिलीच नाही. तुमच्याकडचं नाणं खरं दिसतं. मात्र त्यात चांदी नाही, त्यामुळे चांदीच्या भावाने ते कुणी विकत असेल तर घेऊ नका.

क्रमांक ३ परत करा. कंपनी सरकारने राम दरबार, हनुमान, कमळ, ओम असले छाप कधीच पाडले नाहीत. १६१६, १७१७, १८१८, १८३९ अशा सालांचे हे बिल्ले मागाहून बनवलेले आहेत आणि ते खेडोपाडी फिरतात. १८३५ च्या कंपनीच्या खऱ्या पाव आण्यावर दोन सिंहांनी धरलेली ढाल असते. मुंबई इलाख्याच्या त्याआधीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू दिसतो. देवादिकांचे जुने टंक असतात, पण ती देवळातली किंवा सराफांची पूजेची चीज. सरकारी नाणं म्हणून त्यांना किंमत देता येत नाही.

क्रमांक १ ला तर सालच खोटं पाडतं. ही गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी, कारण तिला ना काटा लागतो ना भिंग. व्हिक्टोरियाच्या रुपयावर दरवर्षी साल बदलत नव्हतं. १८४० चा रुपया १८४० हेच साल घेऊन पुढची वीसेक वर्षं पडत राहिला. मग १८६२ चा आला, तोही १८६२ हेच साल घेऊन १८७४ पर्यंत चालला. १८७४ पासून दरवर्षीचं साल येऊ लागलं आणि १८७७ पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. म्हणून १८४१ ते १८६१ किंवा १८६३ ते १८७३ यातलं कुठलंही साल राणीच्या रुपयावर दिसलं की तिथंच थांबायचं. 'क्वीन' लिहून १८८५ असेल किंवा 'एम्प्रेस' लिहून १८६२ असेल, तरी तेच. एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१०. पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२, मग थेट १९३६. मधल्या १९२३ ते १९३५ या सालांचे रुपये नाहीत. सहाव्या जॉर्जचे १९३८ पासून पुढे.

बनवणारे नेमके इथे फसतात. एकाच साच्यात आकडा बदलून 'दुर्मिळ साल' काढायच्या नादात, ते साल होतं का हे ते पाहतच नाहीत.

२, ४ आणि ६ साठी मात्र पाण्याचा प्रयोग करावा लागेल. वजन जुळवणं सोपं असतं, चकती थोडी जाड केली की झालं. पण वजन आणि आकारमान दोन्ही एकदम जुळवायला धातूच तो लागतो.

पहिल्यांदा काटा तपासा. २०१९ च्या नव्या मालिकेआधीचं दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. तसली न झिजलेली दोन नाणी ठेवून १५.४२ च्या आसपास येतं का पाहा. काटा सपाट फरशीवर ठेवा, पंखा बंद करा. वाऱ्याच्या झुळकीनेही आकडा हलतो.

मग प्लास्टिकचा हलका पेला दोन तृतीयांश पाण्याने भरा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकून हलकं ढवळा, त्याने बुडबुडे नाण्याला धरून राहत नाहीत. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं बांधून हातात धरा आणि पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं सोडा. काटा आता जे दाखवेल तेच नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. हवेतलं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. तीनदा करा आणि मधला आकडा घ्या. हात थरथरतो म्हणून वर एक काडी आडवी ठेवून तिला दोरा बांधलात तर फार बरं.

ताडून पाहायचे आकडे: शुद्ध चांदी १०.४९. ९१.७ टक्के चांदीचा इंग्रजी रुपया १०.३ च्या आसपास. ५० टक्के चांदीचा १९४० नंतरचा ९.५. तांबं ८.९. पितळ साधारण ८.४ ते ८.७. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, यात चांदी नसते) ८.७ च्या जवळ. शिसं ११.३. कथील ७.३.

नव्या इंग्रजी रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम. झिजून ११.४, ११.३ झालेला चालतो. पण ११.७५ किंवा १२ भरला तर खुशाल संशय घ्या, कारण वापराने नाणं जड होत नाही.

आकडे टाका, मग बोलू.

---

पैनगंगाकाठ:

खूप आभार. काटा दहाच्या दोन नाण्यांवर १५.४३ दाखवतो, म्हणजे ठीक धरतो. प्रत्येक नाणं तीन वेळा बुडवलं.

क्र. १: ९.८२ ग्रॅम, पाण्यात १.१४. घनता ८.६.
क्र. २: ११.५८, पाण्यात १.१२. घनता १०.३.
क्र. ४: ११.२४, पाण्यात १.३४. घनता ८.४.
क्र. ६: ११.४२, पाण्यात १.१२. घनता १०.२.

म्हणजे २ आणि ६ खरे, १ आणि ४ खोटे, असं समजू का? चारमिनारचं वजन ११.६६ पेक्षा कमीच आहे, त्यात कडी धरलेली. त्याची शंका वाटते.

---

तोळामासा:

चारमिनारला इंग्रजी रुपयाच्या मापाने तोलू नका. तो निजामाचा हाली सिक्का आहे. त्याचं ठरलेलं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. त्या मिश्रणाची घनता १०.२ च्या आसपासच येते. कडीचे दोन-तीन दशांश ग्रॅम वजा केले तर तुमचं नाणं ११.१ च्या घरात राहतं. कडीही चांदीची असावी, म्हणून घनता फारशी ढळली नाही. पितळेची कडी जाड असती तर आकडा खाली आला असता आणि खरं नाणं खोटं ठरलं असतं. झाळलेल्या नाण्याच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं, महबूब अली खानांच्या नाण्यावर मीम आणि उस्मान अली खानांच्या नाण्यावर ऐन. भिंगातून ते नीट दिसायला हवं. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य होतं, त्यामुळे तुमच्या भागातल्या जुन्या घरांत हाली सिक्का निघणं अगदी साहजिक आहे.

क्र. १ ला तीन पुरावे झाले: साल नाही, वजन कमी, घनता जर्मन सिल्व्हरची. आता त्यात काही उरलं नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. १.१२ ऐवजी १.११ किंवा १.१३ वाचलं तर घनता ०.१ ने इकडंतिकडं होते. म्हणजे ०.०१ च्या काट्यावर चांदी आणि जर्मन सिल्व्हर स्वच्छ वेगळे पडतात, पण ९१.७ टक्के आणि ८१.८ टक्के चांदी वेगळी ओळखता येत नाही. आणि शिसं-कथलाचं प्रमाण जुळवून कुणी १०.३ ही आणू शकतो. तसलं नाणं मऊ असतं, काठाला नख जोरात दाबलं तरी खूण उमटते आणि वाजवलं तर बद्द आवाज येतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं: घनता धातू सांगते, साल सांगत नाही. क्र. २ ची चांदी खरी आहे एवढंच आत्ता सिद्ध झालं. तो १९११ चा आहे का, हे अजून कळायचंय. ठसेकार यांनी यावर लिहावं.

---

ठसेकार:

राजेहो, काटा अन् पाणी झालं, आता भिंग घ्या. एक गोष्ट आधीच सांगतो. नाणं जुनं दिसते का, हे पाहूच नोका. जुनं दिसाले आठ दिवस अन् उकिरडा पुरते. थे बनलं कसं, हे पाहा. तिथं लबाडी लपत नाही.

शिवराईची घनता ८.४ आली म्हणजे थे पितळ होये, तांबं नाही. खरी शिवराई तांब्याची. आता भिंगातून तिचा काठ पाहा. चहूकडून मधातून गेलेली बारीक रेघ दिसन, नाही तं थे रेघ घासून काढल्याचे कानसीचे ओरखडे दिसतीन. साचा दोन भागाचा असते, थो जिथं जुळते तिथं ही रेघ उठते. मंग अक्षराच्या बुडाशी पाहा. ठशाच्या नाण्यात कोऱ्या चकतीले दोन ठशांच्या मधात ठेवून वरून दणका देलेला असते. धातू जोरानं ठशात चढते, म्हणून अक्षराची बाजू उभी अन् बुड धारदार राह्यते. ओतलेल्या नाण्यात धातू निवताना आकसते, म्हणून अक्षराचं बुड गोलावते, साबणावरची अक्षरं वापरून झिजावी तसं. मोकळ्या जागेत मुरमाड दाणे दिसतीन, कुठं सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतीन. थे हवेचे बुडबुडे होयेत. झिजलेल्या खऱ्या नाण्यात उंच भाग आधी झिजते अन् खोलगट जागा स्वच्छ राह्यते. ओतलेल्यात उंच काय अन् खोल काय, सारंच सारखं बुजलेलं.

आकसण्यानं अजून एक गोष्ट होते. खऱ्या नाण्यावरून साचा घेतला तं नक्कल एक-दोन टक्क्यांनं लहान निंगते. ३०.५ मिमीचा रुपया ३० वर आला की समजा. काही जण हे ओळखून काठाले नवीन दाते पाडतात. म्हणून रुपयाच्या काठाचे दाते मोजू नोका, त्यायचं अंतर पाहा. खऱ्याचे दाते एकसारखे उभे असतात. हातानं कानसलेले तिरपे, कुठं दाट कुठं विरळ. १९४० च्या पुढच्या चांदीच्या रुपयाले दात्यायच्या मधातून एक खाच फिरलेली असते. तुमच्या गावातल्या लोकायले हे दाखवून द्या, कोणी त्या सालाचा रुपया बिना खाचेचा आणला तं लगेच ओळखू येईन.

अन् शिवराई पुरी दिसते, अक्षरं दोन्हीकडून भरलेली, हे कौतुकाचं नाही, भेवाचं हाये. शिवराईची चकती हातानं कापलेली अन् ठसा हातोड्यानं मारलेला. चकती लहान अन् ठसा मोठा, म्हणून कुठं 'श्री' अर्धी कापली जाते, कुठं 'पति' चा 'ति' बाहेर जाते, काठाच्या ठिपक्यायची माळ एकाच बाजूले दिसते. काठाले उभी चीर गेलेली असते, थे दणक्यानं फाटली म्हणून. शिव, शीव, सिव अशा लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती खऱ्यातही भेटतात, तवा ऱ्हस्व-दीर्घावरून खोटं म्हणू नोका. पण साऱ्या अक्षरायची जाडी छापखान्यातल्यासारखी एकसारखी असन तं हात आखडता घ्या. सोन्याचा होन म्हणून कोणी काही आणलं तं बोलणंच नाही. थो बाजारात पसरीवर विकाले येत नसते.

हिरवा थर. आपल्या काळ्या कसदार मातीत तांब्यावर जो कळंक धरते थो धातूतूनच उगवते, वर्षानुवर्षांनं. थो कुठं जाड, कुठं पातळ, खाली तपकिरी लाल थर, नखानं निंगत नाही. खोटा थर युरिया, मीठ, शेणखत याच्यात पुरून आणतात. अमोनियानं तांबं-पितळ लवकर निळं-हिरवं होते. पण थो रंग भुकटीसारखा बसते. कापसाचा बोळा ओला करून घासा, बोळा निळसर झाला की झालं. काही ठिकाणी रंग अन् लाखेचा लेप असते. त्याले नखपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन कापसावर घेऊन लावा, रंग सुटून येते. अ‍ॅसिटोननं खऱ्या धातूले काही होत नाही, खऱ्या कळंकालेही नाही. फक्त खिडकी उघडी ठेवा अन् चूल दूर.

पण सारी ओतलेली नाणी खोटी, असं मात्र मनात धरू नोका. प्राचीन काळी काही नाणी मुळातच साच्यात ओतत. सातवाहन काळाच्या पोटीनच्या (तांबं, शिसं, कथील मिसळलेल्या धातूच्या) नाण्यायचं गणित वेगळं हाये. थे फोटोवरून अन् इथं लिहून होत नाही, जाणकाराच्या हातातच द्यावं लागते.

अजून एक सोपी पारख. विकणाऱ्याजवळ एकाच छापाची तीन-चार नाणी असतीन तं सारी बाजूबाजूला मांडा. खऱ्या नाण्यायचे ओरखडे, ठोके ज्याचे त्याचे वेगळे. दोन नाण्यायवर गालावर त्याच जागी तोच ओरखडा दिसला, तं दोन्ही एकाच नमुन्यावरून निंगालेले.

आता १९११. या रुपयात राजाच्या झग्यावर जो हार हाये त्यात छोटा हत्ती हाये. १९११ मध्ये त्याची सोंड अन् पाय इतके आखूड कोरले गेले की लोकायले थे डुक्कर वाटलं, आरडाओरडा झाला, नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली. १९१२ पासून हत्ती बदलला, सोंड लांब अन् पाय स्पष्ट केले. म्हणून १९११ च्या रुपयाची पारख सालात नाही, हत्तीत हाये. साल खरवडून बदलवता येते. हत्ती बदलवणारा अजून पाह्यला नाही. भिंग लावा, दिवा एका बाजूनं धरा, हत्ती पाहा. मंग शेवटच्या १ च्या आजूबाजूची जागा पाहा. तिथं बाकीच्या मोकळ्या जागेपेक्षा चपटेपणा, बारीक रेघा, वेगळी चमक दिसते का. अन् चारही आकड्यायमधले तिन्ही १ एकसारखे हायेत का, थे ताडून पाहा. सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयालेही हीच रीत. तिथं १९३८ च्या आठाचा नऊ करतात. दुसरा आकडा नऊच हाये, दोन नऊ शेजारी ठेवल्यावानी ताडून पाहाजा.

---

पैनगंगाकाठ:

ठसेकारभाऊ, तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं पाहिलं.

शिवराईच्या काठावर रेघ आहे, कानसलेली. ओल्या बोळ्याने हिरवं सगळं उतरलं, खाली पिवळं पितळ.

१९११: हत्तीची सोंड खाली लांब लोंबते, पाय वेगवेगळे दिसतात. शेवटचा १ आधीच्या दोन एकांपेक्षा थोडा बारीक आहे आणि त्याच्या डाव्या बाजूला तिरप्या बारीक रेघा आहेत.

म्हणजे साल बदललेलं आहे ना? कोणत्या सालाचा असेल? आणि चारमिनारची कडी काढून नाणं चिंच-मिठाने उजळलं तर किंमत वाढेल का? गावात तेच चाललंय.

---

ठसेकार:

हाव, बदललेलं हाये. एकाच्या डाव्या बाजूले खरवडलं म्हणजे बहुतेक १९१४ चा होता. ४ ची तिरपी अन् आडवी रेघ काढली की उभी दांडी उरते, तिलेच १ म्हणून विकतात. रुपया खरा हाये, चांदीही खरी, पण थो आता खराब केलेला साधा रुपया झाला. हौशी माणूस घेणार नाही. चांदीच्या भावानं परवडला तं घ्या, नाही तं वापस करा. हिशोब असा: पुऱ्या ११.६६ च्या रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी, तुमच्या ११.५८ मध्ये १०.६ च्या आसपास.

कडीले हात लावू नोका. कडी काढाले पुन्हा आच द्या लागते, झाळ पसरते, अन् जिथं कडी होती तिथं काठ कानसून सारखा केला की दाते जातात. हारातलं नाणं हारातलंच दिसू द्या. चिंच, मीठ, लिंबू, राख, पितांबरी, काहीच नाही. चिंचेच्या आंबटानं वरचा पातळ थर जाते अन् त्याच्यासोबत बारीक उठावही जाते. घासलेल्या नाण्यावर भिंगातून एकाच दिशेनं केसासारखे ओरखडे दिसतात, अन् थे कधीच बुजत नाहीत. माती लागली असन तं साध्या पाण्यात रातभर ठेवा, सकाळी मऊ कपड्यानं टिपा. टिपा, पुसू नोका. तसाच सोनाराचा कसोटीचा दगड अन् तेजाब. दागिन्याले ठीक हाये, नाण्याच्या काठावर एक घासा मारला तं थो घासा जन्मभर राह्यते.

---

सातबारा:

नाण्यांची पारख इथे चोख झाली आहे. मी फक्त त्या हंड्याबद्दल आणि कागदाबद्दल लिहितो, कारण पैसे टाकणाऱ्या चौघांना त्याचाही धोका आहे.

पुरलेला साठा कधीचा, हे त्यातल्या सगळ्यात नवीन नाण्यावरून ठरतं. एकाच हंड्यात १९४७ चा निकेलचा रुपया असेल, तर तो हंडा १९४७ च्या आधी पुरलेला असूच शकत नाही. मग 'जुन्या वाड्याच्या पायातला' हे कसं? त्यात पितळेची नवी शिवराई आणि जर्मन सिल्व्हरचा रुपया. हा साठा नाही, जमवाजमव आहे. चार खोट्यांत दोन खरी मिसळून ठेवली की पारखणाऱ्याचा हात खऱ्यावर पडतो आणि विश्वास सगळ्यावर बसतो. म्हणून 'सगळा माल एकदम' या बोलीवर घेऊ नका. एकेक नाणं वेगळं करून, वेगळा भाव करून घ्या. तो तयार झाला नाही तर तेच उत्तर समजा.

आणि समजा हंडा खरा निघाला, तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की ती कुठे, कधी, काय मिळाली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवलं आणि मालक कुणी पुढे आला नाही, तर सापडणारा आणि जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसल्यास तीन भाग सापडणाऱ्याला आणि एक भाग जागामालकाला. सरकारने तो साठा ठेवून घेतला तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा मिळतो. त्यामुळे 'हंड्यातलं आहे, कुठे बोलू नका' असं सांगून विकणारा खरं बोलत असला तर तुम्हाला अडचणीत टाकतो आणि खोटं बोलत असला तर लुबाडतो. तुम्ही त्याच्याकडून लेखी पावती मागा: नाण्याचं वर्णन, वजन, किंमत, त्याची सही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, तोही विचारा.

कायदा सोडला तरी, साठा फोडून विकला की आपल्याच भागाचा इतिहास जातो. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. पुराणांत ज्यांची नावं नाहीत अशा कुंभ, कर्ण, शक सातकर्णी या राजांची ओळख त्या नाण्यांवरून पटली. ती नाणी बाजारात एकेक करून गेली असती तर ते राजे आज कुणाला ठाऊक नसते.

तुमच्या पट्ट्यात आणखी दोन प्रकार फिरतात, तेही लिहून ठेवतो. 'तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं' म्हणून कोणी दाखवलं तर तांदूळ स्वतःच्या घरचा घेऊन जा. त्यांच्या तांदळात लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि नाण्यात किंवा ताटाखाली चुंबक असतो. तांबं कशालाच ओढत नाही. दुसरा प्रकार मोबाईलवरचा: अमुक पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये, फक्त आधी नोंदणीची फी आणि कर भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती नाही आणि तिच्या नावाने कुणी कमिशन किंवा फी मागत असेल तर देऊ नये.

---

पैनगंगाकाठ:

ठरलं असं: १, ३, ४ परत. २ चांदीच्या भावाने दिला तरच. ५ आणि ६ वेगळा भाव करून, पावतीवर. बाजारात काटा आणि भिंग बरोबर नेतो, त्याच्याकडची बाकीची नाणी तिथंच पाहतो. शेवटचं एकच: बाजारात पेला-दोऱ्याचा प्रयोग जमणार नाही, वारा असतो. तिथं पटकन काय पाहावं?

---

तोळामासा:

बाजारात आधी साल पाहा, ते होतं का. मग वजन. काट्याला वाऱ्यापासून वाचवायला पुठ्ठ्याचा डबा उलटा घालून त्याला समोरून फट ठेवा. मग काठ: रेघ, दाते, खाच. मग तर्जनीच्या टोकावर रुपया सपाट तोलून धरा आणि लाकडी पेन्सिलीने कडेला हलकी टिचकी द्या. चांदीचा रुपया घणघणतो आणि आवाज लांबतो, शिसं-कथलाचा लगेच बसतो. दगडावर आपटून वाजवू नका, काठाला ठोका पडतो. कडी झाळलेला किंवा चीर गेलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, त्यामुळे चारमिनारवर ही परीक्षा करू नका. आणि खोटी चांदी नीट जमवली असेल तर आवाजही फसवतो. शंका उरली तर नाणं तिथं घेऊ नका. घरी आणून पाण्यात बुडवता येत असेल तरच पैसे मोजा.